एक पाना जास्त

१

माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट मी आभारी आहे. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही, म्हणून तर लिहायला बसलो.

मी विमान कंपनीच्या हँगरमध्ये टूल स्टोअर सांभाळतो. एकतीस वर्षं झाली. स्टोअर म्हणजे पत्र्याच्या भिंतींची एक लांबट खोली आणि तिला हँगरच्या बाजूने एक खिडकी. ही खिडकी कुठल्या शहाण्याने बसवली देव जाणे. माझ्या टेबलाच्या उंचीला आहे आणि तिची सरकती झडप वीतभर वर गेली की अडते. त्यामुळे पलीकडच्या माणसाचं तोंड मला दिसत नाही, फक्त हात दिसतात. सुरुवातीला मी झडप दुरुस्त करा म्हणून दोन अर्ज केले होते. नंतर सवय झाली आणि मग गंमत वाटायला लागली. फोरमनच्या करंगळीचं नख काळं आहे. सुतळी म्हणून आमचा एक मेकॅनिक आहे, त्याची बोटं लांबलचक, कुठल्याही फटीत शिरतील अशी. एका पोराच्या बोटातली साखरपुड्याची अंगठी गेली, ते मला त्याच्या आईच्या आधी कळलं. माणूस तोंडाने खोटं बोलेल, हात बिचारे साधे असतात.

काम सोपं आहे. प्रत्येक मेकॅनिककडे त्याच्या नंबरचे पितळी बिल्ले असतात. हत्यार न्यायचं तर बिल्ला द्यायचा, तो मी हत्याराच्या जागी खिळ्याला अडकवतो. हत्यार परत आलं की बिल्ला परत. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने काढलेली आहे, म्हणजे हत्यार जागेवर नसलं की लाल डोळ्यांत खुपतं. शिफ्ट संपताना फळा भरलेला हवा आणि एकही बिल्ला टांगलेला नको. मग मी सही करतो. एक हत्यार जरी कमी भरलं तरी विमान जागचं हलत नाही. पोटात विसरलेला पाना हवेत गेल्यावर कुठे जाऊन अडकेल याचा नेम नसतो. मी एकदा बोटाएवढ्या पेचकसासाठी दोनशे माणसं पाच तास बसवून ठेवली होती. त्यांनी मला काय काय म्हटलं असेल ते असो, घरी पोचली सगळी.

नव्या विमानासाठी वेगळा फळा आला होता. चौसष्ट हत्यारं, सगळी कोरी करकरीत, आणि त्यांच्यावर नंबर मी स्वतः कोरलेले.

२

त्या विमानाला हँगरमध्ये सगळे माहेरवाशीण म्हणायचे. निघते आणि परत येते. आठ महिन्यांत सहा वेळा ते अर्ध्या वाटेवरून माघारी आलं. कधी दरवाजा उघडा असल्याचा दिवा लागायचा आणि दरवाजा तर घट्ट बंद. कधी तेलाचा वास यायचा. दोनदा सुकाणू जड झालं, म्हणजे वैमानिक पाय दाबतोय आणि शेपूट ऐकत नाही. खाली आणून तपासावं तर सगळं ठीक. रजिस्टरमध्ये सहा वेळा एकच वाक्य आहे: तपासले, दोष आढळला नाही. ज्यांना विमानातलं काही कळत नाही त्यांनाही या वाक्याची भीती वाटली. दोष सापडला असता तर लोक गप्प बसले असते. तिकीट काढताना माणसं विचारायला लागली, ते नवीन तर नाही ना? नवीन असेल तर राहू द्या, आम्ही उद्या जाऊ.

शेवटी विमान जमिनीवर ठेवलं आणि दोन महिने खोलून तपासलं. शेपटाचे काही भाग बदलले. त्या कामाचे शेवटचे दिवस चालू होते.

मंगळवारी शिफ्ट संपली. मी फळा पाहिला, भरलेला. खिळे पाहिले, रिकामे. सही केली, पेनाला टोपण लावलं आणि झडप ओढायला खिडकीशी गेलो, तर ओट्यावर एक पाना पडलेला होता.

मला राग आला. म्हटलं, मोजण्यात चूक झाली. पण फळा पुन्हा पाहिला तर चौसष्टच्या चौसष्ट जागेवर. हा पासष्टावा. उचलला तर हाताला खरखरीत लागला. कडा झिजलेल्या, जबड्याशी गंज, अंगभर पांढरं काहीतरी वाळून बसलेलं. नखाने खरवडून पाहिलं, जिभेला लावलं. मीठ.

त्याच्यावर नंबर होता, सतरा.

फळ्यावरचा सतरा नंबर मी काढून शेजारी ठेवला. सतरा कोरताना त्या दिवशी माझा हात घसरला होता आणि साताच्या खाली एक बारीक शेपटी उमटली होती. मनाला लागलं होतं ते, नव्या वस्तूवर डाग पडला म्हणून. जुन्या पान्यावरही ती शेपटी होती. तेवढीच लांब, तशीच वाकलेली.

फोरमन हात धूत होता. त्याला दाखवलं.

"कमी आहे का काही?" त्याने विचारलं.

"नाही. एक जास्त आहे."

"मग काका, पेढे वाटा. आजवर इथून वस्तू जातच आल्यात, कुणी आणून ठेवली हे पहिल्यांदा ऐकतोय."

"थट्टा नको. रजिस्टरमध्ये काय लिहू?"

त्याने ओल्या हाताने रजिस्टर चाळून पाहिलं. त्यात 'कमी' असा रकाना आहे. 'जास्त' असा रकानाच नाही.

"काही लिहू नका," तो म्हणाला. "भंगारातून आणला असेल सुतळीने. तुमची फिरकी घेतोय."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. पाना खणात टाकला, कुलूप लावलं आणि घरी गेलो.

३

घरी दारातच ठकी उभी. ठकी म्हणजे माझी मुलगी. वय वर्षं सव्वीस, शाळेत शिकवते, पण मला अजून ती लाकडी बाहुलीएवढीच दिसते, म्हणून ठकी.

"बाबा, चिठ्ठी निघाली!"

"कसली?"

"तुमच्याच कंपनीची! तुम्हाला काही सांगत नाहीत का तिथे?"

सांगितलं होतं, मीच कानाआड केलं होतं. लोकांचा विश्वास परत बसावा म्हणून साहेबांनी डोकं चालवलं होतं. शुक्रवारी दुपारी विमान दुरुस्तीनंतर पहिल्यांदा उडणार, समुद्रावरून जाऊन दोन तासांत परत येणार, आणि आत बसणार कोण, तर ज्यांनी विमान दुरुस्त केलं त्यांच्याच घरची माणसं. घरटी एक, चिठ्ठ्या टाकून. वर्तमानपत्रवाले फोटो काढणार. आपल्या बायकापोरांना बसवतात म्हणजे विमान चांगलंच असणार, असं लोक म्हणतील. विचार वाईट नव्हता.

"एकतीस वर्षं विमानांच्या पोटात हात घालताय आणि घरचं कुणी आजवर शिडीसुद्धा चढलेलं नाही," ही आतून म्हणाली. ही म्हणजे ठकीची आई. "जाऊ दे तिला. माझं नाव निघालं असतं तर मीच गेले असते."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"तोंड म्हणतंय तुमचं."

ठकीने खिडकीजवळची जागा मिळेल का विचारलं. वर्गातल्या मुलांनी तिला प्रश्न लिहून दिले होते, ढग ओले लागतात का वगैरे. ती कागद उलगडून एकेक वाचून दाखवत होती आणि मी हसत होतो. हसताना जिभेवर दुपारचं ते मीठ असल्यासारखं वाटलं. मी दोन पेले पाणी प्यालो.

४

बुधवारी सकाळी खण उघडला. कुलूप शाबूत, पाना नाही. तळाच्या लाकडावर पांढरा डाग, हात लावला तर दमट.

सुतळीला बोलावलं. तो चाळिशीचा गृहस्थ आहे, दोन मुलांचा बाप, पण अंगावर मांस म्हणून नाही, म्हणून शेपटातल्या अरुंद बोळात त्यालाच पाठवतात. त्याने पोराबाळांची शपथ घेतली.

"काका, मी तुमच्याशी थट्टा करतो, हत्यारांशी नाही करत."

त्याचं खरं होतं. त्याचे हात माझ्यासमोर ओट्यावर होते आणि ते स्वस्थ होते.

दुपारी शिफ्ट संपली तसा मी सही करून खुर्ची खिडकीशी ओढली आणि बसून राहिलो. हँगर रिकामा होत गेला. दारं सरकल्याचा आवाज, मोटारसायकली, मग शांतता. वरच्या पत्र्याला उन्हाने टक टक होत होती. मी स्वतःला समजावत होतो की अट्ठावन्न वर्षांच्या माणसाने असं बसणं बरं दिसत नाही.

पावलं ऐकू आली. ओल्या बुटांची, सावकाश. ती खिडकीशी थांबली.

हात आत आला. पुरुषाचा, वयस्क. बाही मनगटाला चिकटलेली आणि तिच्यातून ओट्यावर पाणी टपकत होतं. त्याने पाना ठेवला, आवाज न करता, जसा आम्ही सगळ्यांना ठेवायला शिकवतो तसा. मग तळवा वर करून थांबला. बिल्ला परत मिळावा म्हणून सगळे थांबतात, तसा.

या हँगरमधले सगळे हात मला ठाऊक आहेत. हा मी कधी पाहिला नव्हता. तरी तो अनोळखी वाटेना, हेच मला सहन होईना. माझा हात आपोआप खिळ्यांकडे गेला. सतराच्या खिळ्याला बिल्ला नव्हता. द्यायला काही नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला आणि मागे गेला.

मी उठलो, दाराने बाहेर आलो, वळसा घालून खिडकीपुढे गेलो. वीस पावलं आहेत. तिथे कुणी नव्हतं. फरशी कोरडी होती. लांब विमान उभं होतं, पांढरं, आणि त्याच्या शिडीवर सुतळी एकटाच बसून बूट बांधत होता.

"कोण गेलं इथून?"

"कुणी नाही. का हो?"

छतातून गळत असेल. कुणी पाहुणा मेकॅनिक असेल, दुसऱ्या दाराने गेला असेल. माझं डोकं अशी कारणं पुरवत होतं आणि मी ती एकेक करून घेत होतो. गुरुवारी खण पुन्हा रिकामा निघाला आणि दुपारी तो हात पुन्हा आला. या वेळी त्याने पाना ठेवला आणि बोटाने माझ्याकडे ढकलला. दोनदा.

५

शुक्रवारी सकाळी सुतळीने शेवटच्या तपासणीसाठी सतरा नंबर नेला. साडेदहाला परत आणला. मी स्वतः तो फळ्यावर टांगला आणि बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. हे मी कुणापुढेही छातीवर हात ठेवून सांगेन.

साडेअकराला चौसष्ट भरले, मी सही केली. बाहेर विमान उन्हात उभं होतं. घरची मंडळी नटूनथटून शिडी चढत होती, कॅमेरे चालले होते. जनसंपर्काच्या बाई सगळ्यांना हसायला सांगत होत्या. ठकीने शिडीच्या टोकावरून स्टोअरच्या दिशेने हात हलवला. मी दाराआडच्या सावलीत तिला दिसत नव्हतो, पण मी कुठे बसतो ते तिला ठाऊक होतं.

मी आत वळलो आणि ओट्यावर पाना होता. रोज दुपारी येणारा, आज सकाळीच. पाण्याच्या थारोळ्यात.

मी खुर्चीत बसलो. फोरमनला सांगू? काय सांगू? साहेबांना सांगू की एक पाना जास्त आहे, विमान थांबवा? बाहेर पत्रकार उभे आहेत, आठ महिन्यांची बदनामी आज धुऊन निघायची आहे आणि हा म्हातारा म्हणतो जास्त आहे. एखादं हत्यार जास्त झालं म्हणून विमान थांबल्याचं कुणी ऐकलेलं नाही. विमान थांबतं ते कमी पडलं तर.

एकतीस वर्षांत मी मोजदाद कधी खोटी केली नाही. त्या दिवशी केली. फळ्यावरचा कोरा सतरा नंबर काढला, जेवणाच्या रिकाम्या डब्यात घातला, झाकण दाबून बसवलं आणि फोन उचलला.

"साहेब, एक कमी आहे."

"सही केलीत ना तुम्ही?"

"चुकून केली. सतरा नंबर नाही. विमान हलवू नका."

"बाहेर काय चाललंय ते दिसतंय ना तुम्हाला? पुन्हा मोजा."

"मोजलं."

"काका, तुमची मुलगी आहे ना आत?" साहेबांचा आवाज खाली आला. "घाबरलात का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"घाबरलोय," मी म्हटलं. "आणि पाना कमी आहे."

नियम म्हणजे नियम. शिडी परत लागली. माणसं एकेक करून खाली उतरली, कॅमेऱ्यांनी तेही टिपलं. माहेरवाशीण या खेपेला तर उंबरठाही ओलांडू शकली नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि कुणी हसलं नाही. विमान ओढून आत आणलं. झाकणं उघडायला लागले. मी मांडीवर डबा घेऊन बसलो होतो. नोकरी जाणार, ते ठीक. पण संध्याकाळी विमान तपासून, दोष आढळला नाही असं लिहून, उद्या पुन्हा तीच माणसं बसवतील, मग मी काय करणार होतो?

पावणेदोनला शेपटाकडून सुतळीची हाक आली. मग पळणारे बूट. मग माझ्या खिडकीत त्याचा हात आला, काळ्या तेलाने माखलेला. त्याने पाना ठेवला. कोरा, चकचकीत, साताला शेपटी.

"सुकाणूच्या दांड्याखाली आडवा पडला होता," तो म्हणाला. "दोन बोटं सरकला असता तर दांडा जागीच अडकला असता. काका, मी परत केला होता हो. मला आठवतंय, मी तुमच्या हातात दिला होता."

"हो," मी म्हटलं.

"मग?"

तो गेल्यावर मी डबा उघडला. डब्यात पाना नव्हता. तळाशी दोन चमचे पाणी होतं. ते मी चाखलं नाही. ओट्यावरचा जुना पानाही गेला होता, आणि तो पुन्हा कधी आला नाही.

६

पुढचं सगळं चांगलंच झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला, त्यांचे डोळे भरले होते. त्यांचा मुलगाही विमानात होता, हे मला तेव्हा कळलं. वर्तमानपत्रांनी उलटंच केलं. एका पान्यासाठी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर विमान थांबवणारी माणसं, असं छापून आलं. लोकांना ते आवडलं. आठ महिने कंपनी सांगत होती की काही दोष नाही, तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही, आणि पाना राहिला होता म्हणून कबूल केलं तर लोक तिकिटं काढायला लागले. पत्रं आली, ढीगभर. एका बाईंनी लिहिलं होतं, तुम्हाला मी ओळखत नाही, पण आता माझ्या आईला या विमानाने पाठवीन. ते पत्र मी जपून ठेवलंय.

सोमवारी विमान उडालं. ठकी गेली, खिडकीजवळ बसली आणि दोन तासांनी परत आली. दोन तास मी स्टोअरमध्ये उभाच होतो. ती आल्यावर मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, नुसता फिरवत राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, केस विस्कटले," आणि मला रडू आलं. इतका आभारी मी आयुष्यात कधी नव्हतो. पण आभार मानायचे तर समोर कुणी हवं ना.

ते गुरुवारी कळलं. आदल्या दिवशी जनसंपर्काच्या बाई फोटोग्राफर घेऊन आल्या.

"काका, तुमचा फोटो हवा. पण चेहरा नको, तो सगळ्यांनी छापलाय. तुमच्या खिडकीतून येणारा हात हवा. हत्यार परत करणारा हात. छान दिसेल."

"मग सुतळीला बोलवा. मी आत बसतो."

"नाही, हात तुमचाच हवा. तुम्ही बाहेर जा."

फोटोग्राफर माझ्या खुर्चीत बसला. मी वीस पावलं चालून पलीकडे गेलो. एकतीस वर्षांत मी त्या बाजूने खिडकीत हात घातला नव्हता. पाना ठेवला, तळवा वर करून थांबलो. त्याने पाच-सहा फोटो काढले.

फोटो गुरुवारच्या अंकात आला, पहिल्या पानावर. हिने तो चहाबरोबर माझ्यापुढे ठेवला. आपला हात आपण रोज बघतो, पण नेहमी आपल्या बाजूने. समोरच्याला तो कसा दिसतो, ते आपल्याला माहीत नसतं. मी बघत राहिलो. तो हात मी आधी पाहिला होता. मागच्या आठवड्यात बुधवारी, गुरुवारी, माझ्याच खिडकीत. फक्त तेव्हा बाही ओली होती.

"काय झालं?" हिने विचारलं. "चांगला आलाय की."

"चांगला आलाय," मी म्हटलं.

७

त्याच दुपारी, गुरुवारी, शिफ्ट संपली. फळा भरला, खिळे रिकामे झाले, मी सही केली. पत्रा उन्हाने टक टक करत होता. पावलं आली, ओल्या बुटांची, आणि थांबली.

हात आत आला. या वेळी तो रिकामा होता. त्याने तळवा वर केला आणि ओट्यावर टेकवला.

मला भीती वाटली, ती लपवत नाही. तरी मी उठलो नाही. ज्याच्यामुळे माझी पोर घरी आली त्याच्यासमोरून पळायचं, हे काही बरं नव्हे.

"फार उपकार झाले तुमचे," मी म्हटलं.

हात हलला नाही. बाहीतून पाणी टपकत होतं. बिल्ला मी याला कुठून देणार? मी त्याचं काही ठेवून घेतलं नव्हतं. की घेतलं होतं? हात माझाच होता, पण तो जिथून येत होता तिथे विमान त्या शुक्रवारी थांबलं नव्हतं, एवढंच मला त्या क्षणी वाटलं. तिकडे माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाने फळा भरलेला पाहिला, सही केली, झडप ओढली, आणि विमान समुद्रावरून परत आलं नाही. मग त्याला पाना मिळाला. कुठून मिळाला, कशात सापडला, त्याचा विचार करायला मी धजलो नाही. त्याने तो मला आणून दिला. आणि आता तो थांबला होता.

माझा फोन वाजला. ठकी. शाळा सुटली की बसमधून ती रोज करते.

"बाबा, फोटो पाहिला का? मी वर्गात लावला. सगळी पोरं विचारतात, तुझ्या बाबांना डोकं नाही का, नुसता हातच आहे का!"

ओट्यावरची बोटं हलली. एकदाच, आणि इतकी हळू, की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला हात कळतात. माझी भीती तिथेच गळाली, आणि त्याच्यासाठी मला इतकं वाईट वाटलं की काही सुचेना. मी फोनचा आवाज मोठा केला आणि फोन ओट्यावर ठेवला, त्या हाताच्या शेजारी.

ती बोलत होती. निळा दोरा आणायचा होता, आईला सांगू नका पण कपाटाची काच तिच्याच हातून फुटली होती, ढग ओले नसतात हे मुलांना पटत नव्हतं. काही महत्त्वाचं नव्हतं त्यात. हात हळूहळू मिटत गेला आणि फोनला टेकून राहिला. पत्र्यापलीकडे कुणी श्वास घेत होतं, धाप लागल्यासारखा.

"बाबा? ऐकताय ना?"

तोंड उघडलं पण शब्द फुटेना.

"ऐकतोय गं ठके," पलीकडून उत्तर आलं. "बोल."

"मग हूं तरी म्हणा," ती म्हणाली आणि पुढे सांगत राहिली.